निसोलाचा घास

तुम्हाला माहीत होतं. नाही म्हणू नका. ओढ्याकाठच्या रानात दर पानगळीला विष पडतं, हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. बास्तियानची कुत्री लेआ ते खाऊन गेली तेव्हा तो तुमच्याकडे आला होता. वरच्या आळीतल्या विधवेचा म्हातारा काळा कुत्रा गेला तेव्हा तीही आली होती. तुम्ही दोघांना बसायला खुर्ची दिलीत, वाईट वाटलं म्हणालात, चौकशी चालू आहे म्हणालात. तुमची ही चौकशी इतकी चालली आहे की एव्हाना ती पायी समुद्राला लागायला हवी होती. प्रत्यक्षात ती तुमचा उंबरासुद्धा ओलांडून बाहेर पडलेली नाही. रान तुमच्या कचेरीच्या ताब्यात, रानात शिरायचा परवाना तुमच्या हातात, आणि रानात कोण काय टाकून जातो तेवढं मात्र तुम्हाला दिसत नाही.

तर आता देल्फिनाची गोष्ट ऐका.

देल्फिनाचा नवरा सेकोंदो हा इटलीतल्या लांगेच्या टेकड्यांमधला जुना त्रिफोलावाला. त्रिफोला म्हणजे मातीखालची अळंबी, सोन्याच्या भावानं विकली जाणारी. ती माणसाला दिसत नाही, कुत्र्याला वासावर कळते, आणि तसं कुत्रं ज्याच्या दारात असतं त्याला गावात मानही मिळतो आणि वैरीही मिळतात. सेकोंदोच्या दारात निसोला होती. आमच्या बोलीत निसोला म्हणजे हेझलनट, आणि कुत्री होतीही तशीच, भाजलेल्या हेझलनटच्या रंगाची, बुटकी, एक कान उभा नि एक पडलेला. जातिवंत वगैरे काही नाही. पण ती नाक जमिनीला लावून निघाली की ओढ्यापलीकडचे लोकसुद्धा आपापल्या कुत्र्यांना शिव्या घालायचे.

तिच्या आईच्या सडांना त्रिफोला चोळून सेकोंदोनं तिला पाजलं होतं. वास शिकवणं सोपं असतं. अवघड होतं ते तिला न खायला शिकवणं. आधीची कुत्री सेकोंदोच्या मांडीवर फेस गाळत गेली होती, आणि त्या दिवसापासून त्यानं डोक्यात एकच घेतलं होतं: ही नवी पोर माझ्या तळहाताशिवाय जगात कुठंच तोंड घालणार नाही. त्यानं अख्ख्या गावाला कामाला लावलं. कलेजीच्या तुकड्यात जहाल मोहरी भरायची आणि एकेकाला द्यायची: टाक तिच्यापुढं, भरव तिला हातानं. पिल्लू खायचं, नाक पुसत पुसत किंचाळायचं, आणि पळत येऊन सेकोंदोच्या तळहातावरचा गोड पाव खायचं. शेवटी त्यानं देल्फिनालाही एक तुकडा दिला.

"मी नाही," ती म्हणाली. "घरातच राहायचंय मला तिच्याबरोबर."

"म्हणूनच तू. उद्या तुझ्या हातून पडलेला तुकडा उचलायला शिकली तर परवा रानातला उचलेल."

देल्फिनानं भरवलं. पिल्लानं विश्वासानं खाल्लं, मग डोळ्यांतून पाणी गाळत तिच्याकडे वर पाहिलं. ती नजर देल्फिना विसरली नाही, आणि कुत्रीही विसरली नाही. पुढं कित्येक वर्षं दोघी एका चुलीपाशी राहिल्या, निसोला थंडीत तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपायची, पण देल्फिनाच्या हातचा घास तिनं कधी घेतला नाही.

बाकीचे त्रिफोलावाले कुत्र्याला रानात मुसकं बांधून नेतात. सेकोंदोला ते पटत नसे. "मुसकं बांधून वास घ्यायचा म्हणजे हातमोजे घालून पीठ मळायचं," म्हणायचा. "माझ्या कुत्रीचं मुसकं तिच्या डोक्यात आहे."

"तुझ्या कुत्रीचा थाट राणीचा," बास्तियान म्हणायचा. बास्तियान शेजारी राहणारा, तोही त्रिफोलावाला, सेकोंदोच्या बरोबरीचा. "माझं कुत्रं तर माझी टोपी खातं."

"टोपीत डोकं नसतं ना, म्हणून खातं."

असं चालायचं.

त्या वर्षी हंगाम नुकता लागला होता. सेकोंदो घळीत घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. निसोला गावापर्यंत धावत आली, बास्तियानच्या दारात भुंकत राहिली, आणि बास्तियाननं दोन माणसं घेऊन त्याला वर काढला. खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेताना स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो देल्फिनाला एवढंच म्हणाला, "तिला उपाशी ठेवू नकोस."

स्वतःच्या हाडाबद्दल एक शब्द नाही. देल्फिनाला वाईट वाटलं नाही. ती त्याला ओळखून होती.

पण ठेवू नकोस म्हणणं सोपं. देल्फिनानं मक्याच्या पिठाची पोलेंता शिजवली, वर हाडांचा रस्सा ओतला, भांडं पुढं सरकवलं. निसोलानं मान वळवली. मग देल्फिनानं सेकोंदोचा कोट अंगात घातला, त्याची टोपी घातली, त्याचा हातमोजा चढवला आणि पाव पुढं केला. हातभर मातीखालचा वास ओळखणाऱ्या जनावराला ती फसवायला निघाली होती. निसोलानं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं गुपचूप टोपी काढून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं हॉस्पिटलात गेली ती पाव घेऊनच.

"मला देतात इथं पाव," सेकोंदो म्हणाला. "खडूसारखा असतो, पण देतात."

"तुला नाही आणलेला. मूठ उघड."

तिनं तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. भेटीची वेळ संपेपर्यंत त्यानं तो पांघरुणाखाली घट्ट धरून ठेवला. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होता. तो बराच वेळ बघत होता.

"आमच्या फादरनं पवित्र पाव इतक्या भक्तीनं कधी धरलेला मी पाहिला नाही," तो म्हणाला.

"तुझ्या फादरला तो कुत्रीला द्यायचा नसतो."

"खरं आहे. त्याला आमच्यासारख्यांना द्यावा लागतो. कुत्री परवडली."

सेकोंदो हसला आणि खुब्यात कळ आली म्हणून शिवी हासडली. देल्फिनानं घामानं ओलसर झालेला तो तुकडा त्याच्या रुमालात बांधला, छातीशी धरून घरी आणला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर रुमाल उलगडून ठेवला. निसोला आली. तिनं वास घेतला. तिचं शेपूट आधी खाली गेलं, मग हळूहळू हलायला लागलं. तिनं पाव खाल्ला, मग रुमाल चाटला, आणि मग दाराकडं पाहत बसली.

असं रोज. देल्फिनाची पाव न्यायची पिशवी मोठी होत गेली. दोन्ही मुठी, मग काखा, मग उशीखाली, असा सेकोंदो पावानं भरून जायचा. ऑर्नेल्ला म्हणून एक नर्स होती, ती आधी ओरडली, मग स्वतःच सकाळी येऊन विचारायला लागली, "आजोबा, आज कुठं कुठं ठेवू?"

मग वॉर्डात साथ आली आणि भेटी बंद झाल्या.

देल्फिना दाराशी उभी राहिली. काचेच्या पलीकडं ऑर्नेल्ला, तोंडाला फडकं बांधलेली.

"मावशी, आज आत नाही सोडता येणार."

"मला नको सोडू. हा पाव घेऊन जा, त्याच्या हातात दे, आणि मला परत आणून दे."

"आतलं काही बाहेर जात नाही आता. कपडासुद्धा नाही. मला नका विचारू, मावशी, मी नाही म्हणताना मला बरं वाटत नाही."

ऑर्नेल्लाची चूक नव्हती. साथ खोटी नव्हती. या गोष्टीत सगळ्यांच्याच चुका शोधत बसायचं नाही. ज्यांची आहे त्यांचीच शोधायची आहे.

निसोलानं खाणं सोडलं. पाणी प्यायची, तेही वाहतं. सेकोंदोचा सदरा, त्याची उशी, त्याचे बूट, ज्यात ज्यात त्याचा वास होता त्यात देल्फिनानं पाव गुंडाळून पाहिला. कुत्री वास घ्यायची आणि मान वळवायची. तिला जुना वास नको होता. तिला त्याचा ताजा हात हवा होता. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांचा डॉक्टर आला, सलाईन लावलं, आणि म्हणाला, "भूक आहे तिला. खायचं नाहीये, एवढंच."

"मग?"

"मग मालकाला घरी आणा."

"मालकाला उभं राहता येत नाही अजून."

डॉक्टरनं सुया आवरल्या.

रोज संध्याकाळी सेकोंदोचा फोन यायचा. पहिला प्रश्न तोच. "खाल्लं का तिनं?"

"खाल्लं," देल्फिना म्हणाली.

"कसं? पाव तर माझ्याकडून गेलाच नाही."

"तुझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवते. वास लागतो तुझा."

पलीकडं त्यानं फोन बाजूला धरला. मग तो पोस्टमनला सांगताना ऐकू आला: "ऐकलंस का रे, माझ्या नुसत्या बनियनवर जगतेय ती." त्याच्या आवाजात जो जीव आला होता तो देल्फिनानं इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. हाड जुळायचं असेल तर माणसाला झोप लागली पाहिजे, आणि कुत्री उपाशी आहे हे कळल्यावर त्याला झोप लागली नसती, एवढाच तिचा हिशेब. पण ते खोटं वॉर्डभर झालं. ऑर्नेल्लाला कळलं, स्वयंपाक्याला कळलं. गावातही आलं. फुशारकी मारून झालेली गोष्ट परत घेता येत नाही.

आणि इकडं निसोलाला उठतानाही धाप लागत होती.

देल्फिना स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. कुत्री तिच्या मांडीशी. देल्फिनाच्या तोंडात पावाचा तुकडा होता, सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं म्हणून तोंडात घातलेला, आणि तो गिळवेना. ती रडायला लागली. रडता रडता तिचं तोंड कुत्रीच्या तोंडापाशी गेलं, आणि निसोलानं मान उचलून तिच्या ओठांतला तुकडा अलगद काढून घेतला.

देल्फिनानं डोळे पुसले. मग तिनं दुसरा तुकडा दातांत धरला. निसोलानं तोही घेतला.

हातावर बंदी होती. जमिनीवर बंदी होती. तोंडातून भरवणाराही कुणी असू शकतो हे सेकोंदोच्या डोक्यात आलंच नव्हतं, म्हणून तिथं त्यानं मोहरी भरली नव्हती. आई जशी पिल्लाला भरवते तसं देल्फिनानं आपल्या म्हातारपणी त्या कुत्रीला भरवलं. पाव, मग चावून मऊ केलेलं मांस, मग पोलेंता. तोंड भाजलं तिचं, कुत्रीचे दात लागले, तरी भरवलं. हे काम दिसायला काही चांगलं नव्हतं, म्हणून ती दाराला कडी लावायची.

पुढं जे झालं ते आपोआप झालं. ओठांशी धरलेला तुकडा हनुवटीशी आला, हनुवटीशी धरलेला बोटांत आला. एक दिवस निसोलानं तिच्या तळहातावरून खाल्लं आणि तळहात चाटला. पिल्लू असताना मोहरी भरवलेला तोच हात. देल्फिना त्या दिवशी खूप रडली, आणि ती सुखानं रडली हेही सांगून टाकतो. मग कुत्री भांड्यातून खायला लागली. तिचं अंग भरलं, केस चमकायला लागले. एका सकाळी बास्तियान कुंपणाशी उभा राहून चीज खात होता. त्यानं वरची साल सहज खाली टाकली. निसोला गेली, वास घेतला आणि उचलून खाल्ली.

बास्तियाननं चावायचं थांबवलं.

"देल्फिना, हे कधीपासून?"

"काय?"

"तुला माहितीये काय ते."

"उपाशी मरत होती ती."

"मी कुठं काही म्हटलं. सेकोंदोला सांगितलंस?"

"सांगेन. घरी आला की."

"नक्की सांग," तो म्हणाला. "आणि मुसकं हवं असेल तर लेआचं आहे माझ्याकडं. त्या दिवशी बांधलं नव्हतं, खिळ्याला टांगलेलं आहे अजून."

देल्फिनानं त्याला विचारलं, "कोण टाकतं रे ते? तुला काही माहीत आहे?"

बास्तियाननं टेकडीकडं बघितलं. "कोण ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तर मी सांगितलं असतं की नाही, तेही मला माहीत नाही."

हे आमचं गाव. विष टाकणारा परका नाही. तो आमच्याबरोबर चर्चमध्ये उभा राहतो, द्राक्षं तोडायला येतो, आणि आपल्या झाडांपाशी दुसऱ्याचं कुत्रं फिरकू नये म्हणून मांसाचे गोळे वळतो. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतो आणि गप्प बसतो. आम्ही भेकड आहोत. पण आम्हाला भेकड असण्याचा पगार मिळत नाही.

सेकोंदो घरी आला तेव्हा टेकड्या धुक्यात होत्या. काठी टेकत तो अंगणात शिरला आणि निसोला त्याच्यावर अशी झेपावली की काठी गेली एकीकडं. तो खाली बसला, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिला. बरगड्या लागत नव्हत्या.

"बनियनवर," तो म्हणाला. "नुसत्या बनियनवर अशी राहिली ही." आणि हा माणूस, जो आईच्या मातीला रडला नव्हता, तो कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून रडला.

तेव्हा सांगायचं होतं. देल्फिनाच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्याकडं बघून तिला धीर झाला नाही. उद्या सांगू, म्हणाली. उद्याचं परवा झालं. त्याला जेवताना सांगावं तर तो पोस्टमनचे किस्से सांगत असायचा. निसोला त्याच्या हातून खात होती, भांड्यात वाढणं देल्फिनानं बंद केलं होतं, आणि तिला वाटायला लागलं की कदाचित कुत्री विसरली असेल, सगळं पूर्वीसारखं झालं असेल. माणूस स्वतःची अशी समजूत घालतो. तुम्हीही घालता.

एक दिवस सकाळी सेकोंदोनं कुदळी काढली.

"वेडा आहेस का," देल्फिना म्हणाली. "या पायानं?"

"हंगाम संपत आला. तिचं नाक गंजेल. आणि तू येतेस माझ्याबरोबर."

तिला आधी कळलंच नाही. आमच्यात त्रिफोलावाला आपली जागा बायकोला दाखवत नाही. पोराला दाखवत नाही. मरताना दाखवतो, तेही जमलं तर. अंधारात निघतात, पाऊलवाट बदलून परत येतात. लग्न झाल्यापासून देल्फिनानं त्या रानाचं फक्त वरचं टोक पाहिलं होतं.

"मी?"

"मला खाली वाकता येत नाही. खणणार कोण? बास्तियान?" आणि मग काठीकडं बघत म्हणाला, "कुणाला तरी दाखवलीच पाहिजे. तुलाच दाखवावी म्हणतो."

देल्फिनानं शाल घेतली. दारात थांबली. "सेकोंदो, मुसकं बांधू या तिला. बास्तियानकडं आहे."

"का?"

"नुसतं आपलं. काळ वाईट आहे."

"काळ वाईट म्हणून तर मी तिला तसं वाढवलं. चल."

ती चालायला लागली.

ओढ्याकाठानं पॉपलरची झाडं होती, पानं सगळी खाली. सेकोंदो तिच्या खांद्यावर भार देऊन चालत होता आणि बोलत होता. इतकं तो वर्षभरात बोलला नसेल. हे लिंडेनचं झाड बापानं दाखवलेलं. ही विलो दिसते मेलेली, पण तिच्या मुळाशी ओल्या वर्षी मिळतं. इथं आधी थांबायचं, वारा कुठला ते बघायचं. देल्फिनाला एकेक झाड देत तो पुढं चालला होता, आणि ती मनात म्हणत होती: पुढच्या झाडापाशी सांगते. पुढच्या झाडापाशी.

ओकच्या झाडाखाली निसोला थांबली, गोल फिरली, पुढच्या पायांनी माती उकरायला लागली. "बस," सेकोंदो म्हणाला आणि ती बसली. देल्फिना गुडघ्यांवर बसून कुदळीनं खणू लागली. त्यानं वरून सांगितलं, हळू, आता बोटांनी, कोंबडीखालचं अंडं काढतेस तसं. तिच्या बोटांना ते लागलं. अक्रोडाहून थोडं मोठं, मातीनं माखलेलं, फिकट. तिनं नाकाशी धरलं. सेकोंदोनं खिशातला पाव तळहातावर ठेवून निसोलाला भरवला.

"सेकोंदो," ती म्हणाली. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग ना."

"ती बनियनवर..."

निसोला ओघळीपलीकडं गेली होती. तिथल्या ब्लॅकबेरीच्या जाळीपाशी तिनं नाक खाली घातलं. सेकोंदो तिकडं बघत होता, तोंडावर तेच कौतुक. "बघ, आता वास घेईल आणि सोडून देईल," तो म्हणाला. "बघ तू."

निसोलानं उचललं आणि गिळलं.

सेकोंदोच्या तोंडावरचं कौतुक लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, नुसतं त्याला काही कळेनासं झालं. "तिनं उचललं," तो म्हणाला. मग त्यानं मान वळवून देल्फिनाकडं पाहिलं. ती अजून मातीत गुडघ्यांवर बसलेली, हातात त्रिफोला.

तिला काही सांगावं लागलं नाही.

खिशात मीठ असतं त्रिफोलावाल्याच्या, याचसाठी. मीठपाणी तिच्या घशात ओतलं, बोटं घातली, थोडं उलटून पडलं. देल्फिनानं कुत्री शालीत गुंडाळून पोटाशी धरली आणि चढ चढायला लागली. सेकोंदो मागं काठीवर, पडत, उठत. त्यांच्या हाका ऐकून बास्तियान गाडी काढून खाली येईपर्यंत निसोलाचे पाय ताठ व्हायला लागले होते. ती देल्फिनाच्या तोंडाकडं बघत होती, आणि शेवटच्या झटक्याआधी तिनं मान उचलून देल्फिनाच्या ओठांना नाक लावलं. तिला भूक नव्हती. तिला बरं वाटत नव्हतं, म्हणून ती आपल्या माणसाकडं गेली होती.

डॉक्टरच्या दारापर्यंत ती पोचली नाही.

गावाला सेकोंदोनं सांगितलं, "मीच मुसकं बांधलं नाही. हॉस्पिटलात राहून माझी शिकवण सैल पडली." बास्तियानला खरं माहीत होतं, तो खाली बघत राहिला. घरात सेकोंदो ओरडला नाही, भांडं आपटलं नाही. त्यानं आपटावं असं देल्फिनाला वाटत होतं. चुलीपाशी बसून त्यानं एकदाच विचारलं, "कशी खायला घातलीस?"

"तोंडानं."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मला नसतं सुचलं ते."

"तू रागावशील म्हणून नाही बोलले."

"रागावलो असतो. आठवडाभर बोललो नसतो तुझ्याशी. मग मुसकं आणलं असतं."

एवढंच. ते ऐकून देल्फिनाला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही, आणि लिहिता येतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. त्यानं तिला आपली झाडं दाखवली होती. आता ती झाडं त्या दोघांत उभी होती, आणि पुन्हा कुत्रं पाळायचं नाही हे दोघांनाही न बोलता कळलं होतं.

मग ती तुमच्याकडं आली. एकटी, चांगले कपडे घालून. तुम्ही तिलाही खुर्ची दिलीत. ती बसली नाही.

"वाईट झालं, बाई," तुम्ही म्हणालात. "पण मुसकं नव्हतं ना. सगळ्या इटलीत हेच चाललंय. लोक काळजी घेत नाहीत, आणि मग आमच्याकडं येतात."

देल्फिना म्हणाली, "काळजी मी घेतली नाही. नवऱ्याशी मी खोटं बोलले. तिला जमिनीवरचं खायला मी शिकवलं. माझ्या वाटणीचं सगळं मी उभी राहून सांगितलं, मला त्याची शिक्षा मिळाली आहे आणि ती मरेपर्यंत संपणार नाही. आता तुमच्या वाटणीचं सांगा. लेआनं विष उचललं त्याच जाळीपाशी हिनंही उचललं. लेआ गेल्यावर तिथं कुणाला पाठवलं होतं तुम्ही? तो काय बघून आला? कुणाच्या दाराशी जाऊन त्यानं विचारलं?"

तुम्ही कागद सरळ केलेत. "चौकशी..." म्हणालात.

"चौकशीचं नाही विचारलं मी. माणसाचं विचारलं. कुणाला पाठवलं होतं?"

तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत. ती अजून उभी होती. ती उभीच आहे, आणि आता तिच्यामागं बास्तियान उभा आहे, वरच्या आळीतली विधवा उभी आहे, काठी टेकत सेकोंदो उभा आहे. म्हाताऱ्याला फार वेळ उभं राहवत नाही. कुणाला पाठवलं होतं, तेवढं सांगा.